दिवसाचा मान्ना, रात्रीचे तेल



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस ख्रिस्तसभा सृष्टीसाठी राखून ठेवते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला, आणि ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो. आपल्या हिंडलग्यात हेच दिवस पाऊस ओसरण्याचे. जूनपासून ढगाआड बसलेला सूर्य अधूनमधून तोंड दाखवू लागतो आणि घरोघरी गच्चीवर दमट गोधड्या, उशा, धान्याचे डबे बाहेर येतात. उन्हाची किंमत या दिवसांत जितकी कळते तितकी ती मे महिन्यात कळत नाही.

म्हणून या वर्षी आम्ही स्वयंसेवकांनी लहान समूहांच्या बैठकांसाठी एक वेगळा विषय घेतला: उन्हापासून मिळणारी वीज आणि आपले घर. पहिल्याच बैठकीत एका काकांनी विचारले, “आपण प्रार्थनेला बसलोय की लाईटबिल भरायला?” सगळे हसले. पण प्रश्न रास्त होता. म्हणून बिलाकडे वळण्याआधी आम्ही पवित्र शास्त्रातील दोन उतारे वाचले.

पहिला निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला. इस्राएल लोक अरण्यात भुकेले होते, तेव्हा देवाने त्यांना आकाशातून मान्ना दिला. अट एकच होती. ज्याने त्याने आपल्या घरातल्या माणसांपुरता, दिवसापुरता गोळा करायचा, माणशी एक ओमर. मोजून पाहिले तेव्हा ज्याने पुष्कळ वेचला होता त्याच्याकडे उरला नाही आणि ज्याने थोडा वेचला होता त्याला कमी पडला नाही. काहींनी मोशेचे न ऐकता उद्यासाठी ठेवून दिला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

दुसरा उतारा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला, दहा कुमारींचा. वर यायला उशीर झाला. मध्यरात्री हाक आली तेव्हा पाच जणींच्या दिव्यांतले तेल संपत आले होते. उरलेल्या पाच जणींनी बरोबर भांड्यांतून तेल आणले होते, त्या आत गेल्या. बाकीच्या तेल आणायला गेल्या आणि तेवढ्यात दार बंद झाले.

दोन्ही उतारे वाचून झाल्यावर एका ताईंनी पेच मांडला. “मान्ना साठवला तर किडे पडतात, आणि तेल साठवलं नाही तर दार बंद होतं. मग साठवायचं की नाही?”

उन्हाची वीज घरात आणू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो, असे आम्हाला पुढच्या बैठकांत दिसून आले. म्हणून ताईंचा प्रश्न हातात धरूनच पुढे जाऊ.

निसर्गाची शक्ती कामाला लावणे आपल्या भागाला नवीन नाही. आपल्याच जिल्ह्यात गोकाकला घटप्रभेचे पाणी सुमारे १७० फुटांवरून खाली कोसळते, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सूतगिरणी चालू झाली. मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने छोटे छोटे सपाट आरसे जोडून ऊन एका ठिकाणी आणले आणि त्यावर सैनिकांचे जेवण शिजवून दाखवले. आरशांच्याच उन्हावर पाण्याची वाफ करून त्याने पंपही चालवला. १८७८ मध्ये त्याने याविषयी पुस्तक लिहिले. ज्या देशात ऊन एवढे आहे तिथे लाकूड आणि कोळसा कशाला जाळायचा, असा त्याचा साधा प्रश्न होता.

आपल्या एका धर्मगुरूचेही नाव या कामात आहे. पोर्तुगालचे फादर हिमालय यांनी सहा हजारांहून अधिक आरशांची एक प्रचंड सूर्यभट्टी बनवली आणि १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तिला मोठे पारितोषिक मिळाले. हिमालय हे त्यांना मिळालेले टोपणनाव होते, आणि ते त्यांनी आनंदाने लावले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचे सौरघट तयार झाले. त्यांच्यावर ऊन पडले की सरळ वीज निघते. आरसा नको, वाफ नको, फिरणारे चाक नको. आज छपरांवर दिसणारी निळी-काळी पॅनेल ही त्याच घटांची पुढची पिढी.

आपल्याकडे मात्र ‘सोलर’ म्हटले की अजूनही अनेकांना पाणी तापवणारा सोलरच आठवतो. तो आठवावा असाच आहे. न्हाणीतल्या चुलीवर हंडा चढवायचा, पहाटे उठून लाकडे सारायची, धुराने डोळे चोळायचे, हे काम आपल्या आयांनी जन्मभर केले. गच्चीवर टाकी आणि नळ्या आल्या आणि तो धूर गेला. ज्या घरात विजेचा गिझर आहे त्या घरातही सर्वांत जास्त वीज तोच खातो. म्हणून घरात उन्हाची पहिली सोय करायची तर ती आंघोळीच्या पाण्याची, असे आम्ही विचारणाऱ्याला सांगतो. ती सर्वांत साधी आणि स्वस्त.

आता विजेच्या पॅनेलकडे येऊ. एक किलोवॅटच्या पॅनेलना साधारण १०० चौरस फूट उघडी गच्ची लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून सुमारे ४ युनिट वीज मिळते. आषाढात दाट ढग असले की ती चौथाईवर येते, कधी त्याहूनही खाली. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर जुलैत माणूस निराश होतो.

४ युनिट म्हणजे किती? हजार वॅटचे यंत्र तासभर चालले की एक युनिट होते. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. तेवढ्याच एका युनिटवर ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त जळतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. म्हणजे जुन्या एका पंख्याच्या विजेत नवे दोन पंखे फिरतात. साधा फ्रीज दिवसाला एक युनिट धरा. मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री, टाकी भरायची मोटर ही यंत्रे वीज भरपूर ओढतात, पण थोडाच वेळ. ती दुपारी उन्हात चालवली तर थेट सूर्यावर चालतात.

आमच्या समूहातल्या एका घरी सोलर बसल्यावर इस्त्रीची वेळच बदलली. पूर्वी रात्री जेवणानंतर होणारी इस्त्री आता रविवारी मिस्सेहून आल्यावर होते. “ऊन आहे तोवर आटपा,” असे तिथल्या आजी सगळ्यांना बजावतात. वाळवण घालताना त्या हेच म्हणायच्या. शेतकऱ्याला आणि वाळवण घालणाऱ्या बाईला आकाश पाहून काम ठरवायची सवय होती. बटण दाबले की वीज मिळू लागली तेव्हा ती सुटली. मान्ना वेचणारेही सकाळी लवकर उठत, कारण ऊन तापले की तो वितळून जाई. आज मिळाले ते आज वापरायचे, त्याचे माप ओळखायचे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायचे. छपरावरची वीज हीच शिस्त पुन्हा शिकवते.

उरलेल्या विजेचे काय? पॅनेल जर वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेली असतील तर दुपारी घरात न वापरलेली वीज बाहेर जाते. घराचा मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, आत किती आली आणि बाहेर किती गेली. हिशेब कागदावर महिन्याने होतो, पण वीज महिनाभर थांबत नाही. ती त्याच क्षणी जवळच्या घरात वापरली जाते. तुम्ही दुपारी कामावर असता तेव्हा तुमच्या छपरावरच्या उन्हावर शेजारच्यांचा फ्रीज चालतो. शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, घरात मराठी बोलतो की कन्नड, हे तार विचारत नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की पित्याचा सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवतो. आपल्या हिंडलग्यात तो कारागृहाच्या भिंतींच्या आत पडतो, लष्कराच्या कॅम्पात पडतो आणि आपल्या अंगणातही पडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात काही ठिकाणच्या सहकारी प्रयत्नांचा उल्लेख केला आहे, जिथे लोक एकत्र येऊन अशी वीज तयार करतात, आपली गरज भागवतात आणि जास्तीची वीज इतरांना विकतातही. हाच मान्नाचा नियम. आपल्या ओमरपेक्षा जास्त झाले ते वाहू द्यावे.

या जोडणीत एक गोष्ट मात्र लोकांना खटकते. लाइनीला जोडलेल्या आणि बॅटरी नसलेल्या घरात, बाहेरचा करंट गेला की छपरावरचा सोलरही बंद पडतो. बाहेर लख्ख ऊन, छपरावर लाखभराचा खर्च आणि घरात पंखा थांबलेला! एका भाऊंनी बैठकीत वैतागून विचारले, “मग उपयोग काय त्याचा?”

त्याचे उत्तर देताना आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प झालो. करंट जातो तेव्हा पुष्कळदा कुठेतरी फांदी तुटून तारेवर पडलेली असते आणि भर पावसात एखादा वायरमन खांबावर चढलेला असतो. लाइन बंद आहे या भरवशावर तो तारेला हात लावतो. त्याच वेळी एखाद्या घराच्या छपरावरून वीज लाइनीत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून यंत्रच असे बनवतात की बाहेरची लाइन मेली की ते क्षणात आपली वीज बाहेर पाठवणे थांबवते. आपल्या घरातला तो थांबलेला पंखा एका अनोळखी माणसाच्या जिवासाठी थांबलेला असतो. त्याचे नाव आपल्याला माहीत नसते. त्याच्या घरी कोण वाट पाहते तेही माहीत नसते. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा लोखंडाच्या पेटीत इतकी नीट बसवलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही. पुढच्या वेळी ऊन असून पंखा थांबला तर चिडण्याआधी खांबावरच्या माणसासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी, असे त्या भाऊंनीच सुचवले.

इथवर मान्नाची गोष्ट झाली. आता तेलाची.

आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांबरोबर घरोघरी जातो. अशा एका घरी एक आजोबा आहेत. त्यांची फुफ्फुसे थकली आहेत. डॉक्टरांनी त्यांना घरी ऑक्सिजनचे यंत्र लावून दिले आहे, जे खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून नळीने देते. दिवसातून किमान पंधरा तास ते लावायचे, झोपेत तर नक्कीच. हे यंत्र विजेवर चालते. पावसाळ्यात रात्री करंट गेला की त्या घरात काय होते ते त्यांच्या सुनेने आम्हाला सांगितले. “बाकीची घरं मेणबत्ती शोधतात. आम्ही घड्याळ बघतो. सिलेंडर किती वेळ पुरणार ते मोजत बसतो. सासऱ्यांना कळू नये म्हणून मोठ्यानं बोलत पण नाही.”

ते घर भाड्याचे आहे. दोन खोल्या, वर घरमालकांचा स्लॅब. आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो. यंत्राला ३५० वॅट लागतात. पंधरा तासांचे झाले सव्वापाच युनिट, महिन्याचे १५७. त्यात फ्रीजचे ३० आणि पंखे-दिव्यांचे ३० धरले तर बेरीज २०० च्या पलीकडे जाते. आपल्या राज्यात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज २०० युनिटपर्यंत मोफत मिळते. घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून त्या घराचा वाटा ठरतो, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल भरावे लागते. अनेक गरीब घरांना, भाडेकरूंनाही, या योजनेने मोठा हात दिला आहे. पण आजार सरासरी पाहून येत नाही. या घरात श्वास घेणेच महिन्याला १५७ युनिट खात होते.

इथे लाइनीला जोडलेला सोलर कामाचा नव्हता, कारण करंट गेला की तोही थांबणार. इथे तेलाचे भांडेच हवे होते, म्हणजे बॅटरी. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास साठवते. पण ती तळापर्यंत रिकामी करायची नसते, आणि थोडी वीज रूपांतरातही जाते. म्हणून ३५० वॅटचे यंत्र एका बॅटरीवर सुमारे तीन तास चालते, दोनांवर सहा. सहा तास म्हणजे मध्यरात्र ते पहाट. एक किलोवॅटची पॅनेल या बॅटऱ्या दिवसा भरतील, ढगाळ दिवशी उरलेला भाग लाइनीवरून भरला जाईल, आणि उन्हाच्या दिवसांत दुपारी यंत्र थेट पॅनेलवर चालेल. त्यामुळे महिन्याचा वापर २०० च्या खाली येण्याचीही आशा होती. सिलेंडर तर जवळ हवाच. डॉक्टरांनी तो हलवू नका असे बजावले होते आणि तो तिथेच आहे.

घरमालकांना स्लॅबसाठी विचारायचे होते. ते आपल्या धर्माचे नाहीत. आजोबांच्या सुनेला वाटत होते की ते नाही म्हणतील, कारण स्लॅबला भोके पडली तर पावसात गळती. त्यांनी ऐकून घेतले, वर गेले, जागा पाहिली आणि म्हणाले, “भोकं पाडू नका, सिमेंटचे ठोकळे ठेवा खाली. पाहिजे तेवढी जागा घ्या.” भाड्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. मग त्यांच्या जिन्यातला एक दिवाही त्याच बॅटरीवर जोडून दिला. आता रात्री करंट गेला की त्या गल्लीत जिन्यातला तो दिवा तेवढा दिसतो.

पैशाचा प्रश्न उरला होता. सणाच्या जमाखर्चातून थोडी रक्कम शिल्लक होती आणि सभागृहाच्या छपरावर सोलर बसवावा अशी अनेकांची इच्छा होती. तीही चांगली इच्छा होती. बैठकीत दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणे झाले. सभागृहात शेकडो माणसे येतात, त्या घरात एकच माणूस आहे, असे एक जण म्हणाले. त्यावर एक मावशी एवढेच म्हणाल्या, “सभागृहाला दम लागत नाही.” सभागृहाचे काम पुढच्या वर्षावर गेले. आजोबांच्या मुलाने आपला वाटा घातला, समूहांनी आपला, आणि पाऊस सुरू होण्याआधी वरती पॅनेल लागली. जुलैत आम्ही गेलो तेव्हा सून म्हणाली, “आता करंट गेलेला सकाळी शेजारच्यांकडून कळतो बघा.”

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. साठवायचे की नाही?

निर्गमचा तोच अध्याय पुढे वाचला तर उत्तर तिथेच सापडते. सहाव्या दिवशी देवाने लोकांना दुप्पट मान्ना वेचायला सांगितले, शब्बाथासाठी. तो रात्रभर राहिला तरी त्यात किडे पडले नाहीत. शिवाय एक ओमर मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितले. मान्ना तोच होता. भीतीने आणि हावेने ठेवलेला नासला, देवाच्या आज्ञेने आणि गरजेसाठी ठेवलेला टिकला. साठवण कोणासाठी आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

आणि कुमारींचे तेल? त्या दाखल्यात एक कठीण जागा आहे, जी बैठकीत एका तरुणाने दाखवली. शहाण्या कुमारींनी आपले तेल वाटून दिले नाही. मग आपण वाटायचे कसे? संत जॉन क्रिझोस्तोम यांनी या दाखल्यावर प्रवचन केले आहे. त्यांच्या मते ते तेल म्हणजे गरजवंतांना केलेले दान, आणि तेल विकणारे म्हणजे देवळाच्या दाराशी बसलेले गरीब. हा अर्थ घेतला की ती कठीण जागा उलगडते. मध्यरात्री, दार उघडण्याच्या क्षणी, कोणी कोणाला आपले दान उसने देऊ शकत नाही. ते दिवसाउजेडी, वेळ हाताशी असतानाच करायचे असते. आषाढातल्या रात्री करंट गेल्यावर आजोबांच्या घरी बॅटरी घेऊन धावणे शक्य नव्हते. ती वैशाखातच बसवावी लागली. वाटण्याची वेळ ऊन असतानाची असते.

आम्हाला या सगळ्यातून एक साधा नियम सापडला. निरोगी घराने मान्नाप्रमाणे राहावे: दिवसापुरते वापरावे आणि उरलेले लाइनीत सोडावे. आणि ज्या घरात अंधार म्हणजे जिवाला धोका, त्या घरी तेलाचे भांडे भरलेले आहे ना, हे सगळ्यांनी मिळून पाहावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो, कारण बैठकीनंतर बहुतेकजण त्याच विचारतात. स्वतःचे छप्पर असलेल्यांसाठी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत लाइनीला जोडलेल्या एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. अर्ज करण्याआधी आपले वर्षभराचे बिल काढून बसा. ज्यांचे बिल गृहज्योतीत शून्य येते त्यांनी घाई करू नये. ज्यांचा वापर मोठा आहे, घरात शिलाईची यंत्रे, ग्राइंडर, पिठाची छोटी गिरणी चालते, त्यांना फायदा लवकर दिसेल. बॅटरीचा खर्च वेगळा असतो, तिचे पाणी पाहावे लागते, आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करा, कारण तिच्यातले शिसे मातीत आणि पाण्यात मिसळले की विष होते. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने पुसून घ्यावीत.

आणि ज्यांना छप्पर नाही, गच्ची नाही, पैसेही नाहीत? त्यांच्या हातातही या सृष्टीच्या सेवेचा वाटा आहे, आणि तो लहान नाही. पोप फ्रान्सिस यांनी त्याच पत्रात म्हटले आहे की अनावश्यक दिवे बंद करण्यासारख्या रोजच्या छोट्या कृतींतून सृष्टीची काळजी घेण्यात थोरवी आहे. आपल्या घरी येणारी सगळी वीज पाण्यातून आणि वाऱ्यातून येत नाही. रायचूरच्या औष्णिक केंद्रात आजही कोळसा जळतो. बिल शून्य आले म्हणून ती वीज कोणाला काही न जाळता मिळाली असे होत नाही. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणारे मूलही माणशी एक ओमरचा नियम पाळत असते.

ख्रिस्तसभा हे फक्त सांगत नाही, करतेही आहे. पोप बेनेडिक्ट यांच्या काळात, २००८ मध्ये, व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर दोन हजारांहून अधिक सौर पॅनेल बसली. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळच्या सांता मारिया दी गालेरिया येथे शेतीबरोबरच सूर्याची वीज घेणारा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला, ज्यातून संपूर्ण व्हॅटिकनची गरज भागावी. त्या आदेशाला त्यांनी संत फ्रान्सिसचे शब्द घेऊन ‘सूर्यबंधू’ असे नाव दिले. सूर्याला भाऊ म्हटले की तो फुकटचा माल राहत नाही. घरच्या माणसाने आणून दिलेले जसे आपण जपून वापरतो आणि आधी आजाऱ्याच्या पानात वाढतो, तसेच त्याचेही करायला हवे.

या आठवड्यात प्रत्येक समूहाने एक काम करावे. आपल्या वाड्यात, आपल्या गल्लीत असे कोणते घर आहे जिथे करंट गेला की लोक घड्याळ बघतात? श्वासाचे यंत्र असेल, थंड ठेवायचे इन्सुलिन असेल, रात्री एकटी राहणारी म्हातारी आजी असेल. ते घर आपल्या धर्माचे आहे की नाही हे पाहू नका. नाव आम्हाला कळवा. दिवाळीनंतर आकाश मोकळे होईल, आणि पुढच्या मृगाला अजून पुरेसे दिवस आहेत.

प्रार्थना करू या.

हे दयाळू पित्या, तू तुझा सूर्य रोज सकाळी न विसरता आमच्या छपरांवर पाठवतोस, आणि आम्ही त्याचे आभार मानायला विसरतो. आम्हाला आमच्या गरजेचे माप ओळखायला शिकव, म्हणजे आमच्या घरात नासणारे काही साठणार नाही. जे खांबावर चढून आमच्यासाठी प्रकाश आणतात त्यांना सांभाळ. ज्यांचा श्वास यंत्रावर चालतो त्यांच्या उशाशी तू रात्रभर जागा राहा, आणि त्यांचे भांडे भरलेले आहे ना, हे पाहण्याची आठवण आम्हाला दिवसाउजेडी दे. जगाचा प्रकाश असलेल्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आम्ही हे मागतो. आमेन.